बुधवार माझा आहे

गुरुवार, ६ नोव्हेंबर

श्रीमती विहीणबाई यांस,

सा. न. वि. वि.

काल, बुधवार, ५ नोव्हेंबर रोजी, सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्यावर अन्याय झाला. डॉक्टरांनी डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारं औषध घातल्यामुळे मला घड्याळ दिसत नव्हतं, म्हणून वेळ तुमच्या जावयाला विचारून घेतली. त्याने ती तोंडात घास ठेवून सांगितली. माझ्या मुलाला मी असं वाढवलेलं नाही.

तुम्ही वसतिगृहाची नोकरी संपवून आमच्या गावात राहायला आलात त्याला जेमतेम महिना झाला, तेव्हा इथली रीत तुम्हाला ठाऊक नसेल असं धरून चालते. संशयाचा फायदा आरोपीला द्यायचा असतो. कोर्टात लघुलेखिका म्हणून उभा जन्म काढला, त्यातून एवढं तरी शिकले.

रीत अशी. मंगळवारी दुपारी मी माझ्या घरी अख्खी कोंबडी मोठ्या पातेल्यात चढवते. सोबत कांदा, गाजर आणि मलमलीच्या पुरचुंडीत बांधलेली मिरी, लवंग, तमालपत्र. पुरचुंडीचं तोंड लाल दोऱ्याने बांधलेलं. आच इतकी मंद की पाण्याने चॅपेलमधल्या मुलींसारखं नुसतं पुटपुटावं. मोठ्याने बोललं की मांस चिवट होतं. हे आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पाकशास्त्र शिकवणाऱ्या मदरचं म्हणणं, आणि त्या बाईचं म्हणणं कधी खोटं ठरलं नाही. संध्याकाळी ते सगळं निळ्या झाकणाच्या डब्यात भरते, बसने मुलाच्या घरी नेते आणि फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवते. किल्ली माझ्याकडे असते. बुधवारी दुपारी जाऊन त्याचा स्ट्यू करते. साडेसातला सगळे टेबलाशी, नॅपकिन मांडीवर. तुमच्या मुलीचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून एकही बुधवार चुकलेला नाही. नातीचा जन्मसुद्धा गुरुवारी झाला.

काल डोळ्यांच्या दवाखान्यात उशीर होणार म्हणून मी मुलाला कळवलं होतं की थांबा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. वर आणि खाली एवढंच त्याला कळतं, थांबा कळत नाही. मी दार उघडलं तर टेबलाशी कोणी नव्हतं. सगळे ओट्याशी उभे! मुलगा तव्यावर पातळ पोळ्या भाजतोय, तुमची मुलगी हसतेय, माझी नात खारू दोन्ही गाल फुगवून खातेय आणि तिच्या मनगटावरून रस कोपरापर्यंत ओघळतोय. आणि मध्ये तुम्ही, माझा एप्रन घालून. मला धूसर दिसत होतं, पण एप्रन ओळखू आला.

याला टाको म्हणतात असं मला सांगण्यात आलं. चिकनचा टाको, वीस मिनिटांत होतो, असंही सांगण्यात आलं. वीस मिनिटांत हा शब्द तुमच्या मुलीने इतक्या कौतुकाने उच्चारला की जसं काही मी एवढी वर्षं स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसले होते. मी एकही खाल्ला नाही. मी ब्रेड खाल्ला, कोरडा, खुर्चीवर बसून.

इथवर मी सोडूनही दिलं असतं. पण मग फ्रीज उघडला. मधली फळी रिकामी. निळा डबा घासूनपुसून पालथा घातलेला. माझी कोंबडी कुठे गेली? विचारलं तर मुलाने खांदे उडवले, तुमच्या मुलीने तुमच्याकडे पाहिलं, आणि तुम्ही नळ सोडलात. खाली उतरताना तळमजल्यावरच्या कुत्र्याने माझ्याकडे पाहून शेपूट हलवली. त्याने आजवर माझ्यासाठी ती कधी हलवलेली नाही. मी काय समजायचं ते समजले.

फोन करू नये. फोनवरचं बोलणं वाऱ्यावरची वरात. कोंबडीचं काय केलंत ते कागदावर लिहून कळवावं.

शेवटी लोभ वाढावा असं लिहायचं असतं. तूर्त आहे तेवढा पुरे.

आपली,
आपल्या जावयाची आई


शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रिय विहीणबाई,

स. न. वि. वि.

दोन बसथांब्यांवर राहणाऱ्या बाईचं पत्र तिकीट लावून टपालाने यावं, असा मान मला आयुष्यात कोणी दिला नव्हता. पोस्टमनने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि काही कोर्टाचं आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, तसंच समजा.

आधी एप्रनबद्दल क्षमा मागते. खुंटीवर होता, घातला. वसतिगृहात जे खुंटीवर असेल ते रेक्टरबाईंचं, म्हणजे माझं, ही सवय जात नाही. बुधवारी काय झालं तेही सांगते. साडेपाचला जावयांचा फोन आला की आईला उशीर होणार, हिची औषधांच्या दुकानात संध्याकाळची पाळी, मी एका बंद लिफ्टच्या डोक्यावर बसलोय, तेव्हा खारूकडे जरा पाहा. मी गेले तर पोरगी बिस्किटांचा डबा मांडीत घेऊन बसलेली. भुकेल्या मुलीला थांब म्हणायचं नसतं, ही एकच विद्या मी आयुष्यात शिकले. शंभर मुलींना जेवू घातलंय, विहीणबाई. जे घरात असेल त्यातून आणि लगेच.

फ्रीजरमध्ये मक्याच्या पातळ पोळ्यांचं पाकीट होतं, माझ्या लेकीने हौसेने आणून विसरलेलं. टाको म्हणजे काही मोठी जादू नाही. कांदा-लसूण परतायचा, टोमॅटो, तिखट, जिऱ्याची पूड घालायची, चिकनचे धागे घालून पाच मिनिटं घोळवायचे. पोळी तव्यावर भाजायची, मधोमध ते घालायचं, वर बारीक चिरलेला कोबी, दही, लिंबू पिळायचं, दुमडायचं आणि खायचं. ओघळ येतो हे खरं. तो चाटायचा असतो.

आता तुमचा मुख्य आरोप. तळमजल्यावरच्या कुत्र्याने तुमची कोंबडी खाल्ली नाही. तो बिचारा निर्दोष आहे. माणूस ओळखायला त्याला उशीर लागतो एवढंच. तुमच्या कोंबडीचा एक धागाही वाया गेलेला नाही. यापेक्षा जास्त मला विचारू नका. तुम्ही त्या दिवशी काळा चष्मा लावून दारात उभ्या राहिलात तेव्हा मला वाटलं धाड पडली, आणि तुम्ही कोरडा ब्रेड चावायला लागलात तेव्हा वाटलं उपोषण सुरू झालं. एक टाको खाल्ला असतात, नुसता एक घास, तर तुमचं ते लांबलचक पत्र लिहायचे कष्ट वाचले असते.

डोळे कसे आहेत? मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात करायचं म्हणतात, असं लेकीकडून कळलं. तेव्हा सोबत लागली तर मला सांगा. मी रात्ररात्र जागून मुलींचे ताप काढलेत, आणि घोरत नाही.

लोभ करा, तो जमत नसेल तर राग थोडा कमी करा, तोही मला चालेल.

आपली,
एप्रनचोर विहीण


रविवार, ९ नोव्हेंबर

तीर्थरूप आईंस,

शि. सा. न.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहितेय. बुधवारी तुम्ही न जेवता गेलात त्याचं मला फार वाईट वाटलं. हे म्हणाले की आईचा राग कढीसारखा आहे, ढवळत बसलं की उतू जातो, म्हणून पत्र लिहायला चार दिवस जाऊ दिले.

आई, एक गोष्ट सुचवायची होती. राग मानू नका. तुमचे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. मंगळवारी तो जड डबा घेऊन बसमध्ये चढता, परवा कंडक्टरने हात दिला म्हणून पडता पडता वाचलात, हे तुम्ही सांगितलं नाही तरी मला कळलं. बुधवारी माझी उशिराची पाळी असते. स्ट्यू होऊन, जेवून, सगळं आवरेपर्यंत नऊ वाजून जातात आणि खारू गुरुवारी शाळेत पेंगते. माझी आई आता जवळ राहते. तिचं काम झटपट असतं. तेव्हा बुधवार तिच्याकडे द्यावा असं आमच्या मनात आहे. तुम्ही नुसतं यायचं. काही आणायचं नाही, काही करायचं नाही, पाहुण्यासारखं आरामात बसायचं. आयुष्यभर तुम्ही केलंत, आता आम्ही करू.

खारू विचारतेय की आजी रागावल्यावर तिच्या नाकावर खरंच लाल ठिपका येतो का. मी सांगितलंय की तसं विचारायचं नसतं.

डोळ्यांत थेंब वेळेवर घाला. बाटली संपली नाही तरी उघडल्यापासून महिन्याने बदलायची.

आपली आज्ञाधारक,
सून


सोमवार, १० नोव्हेंबर

चि. सौ. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद, ते रागात दिले तरी लागू पडतात.

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर सुंदर आहे आणि सूचना भयंकर आहे.

पाहुण्यासारखं बसायचं म्हणतेस. पाहुणीला काय मिळतं ते मला माहीत आहे. तिला चांगली खुर्ची मिळते, पाणी मिळतं, आणि आपण उठलो की सगळ्यांना हायसं वाटेल याची जाणीव मिळते. नवरा गेल्यावर एका पोराला मी टायपरायटर बडवून मोठं केलं. ऑफिस सुटलं, मैत्रिणी एकेक करून मुलांकडे गेल्या, डोळे चालले. आठवड्यात माझा म्हणावा असा एकच वार उरला होता. त्या दिवशी मी सकाळी उठते ती कुठेतरी पोचायचंय म्हणून. तो तू इतक्या गोड शब्दांत काढून घेतलास की वाचताना मला क्षणभर आभार मानावेसे वाटले.

मला तुझ्या आईचा हेवा वाटतो, हे मीच लिहून टाकते. तुम्ही माझ्या पाठीमागे म्हणण्यापेक्षा बरं. माझा मुलगा पाच टाको खाऊन सहाव्याकडे हात नेत होता. माझ्या टेबलावर त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं मला आठवत नाही. खारू त्यांच्या कमरेला मिठी मारून उभी होती. आणि तू! नऊ वर्षांत माझ्या स्ट्यूबद्दल तू एक शब्द काढलेला नाहीस. चांगला नाही, वाईट नाही. पानातलं संपवायचं, भांडी उचलायची. परवा मात्र तू तुझ्या आईला तीन वेळा विचारलंस की कसं केलंस गं, कसं केलंस. मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं.

तुझ्या आईने मला कृती लिहून पाठवली आहे. तिची मी उलटतपासणी केली. त्यात चिकनचे धागे पाच मिनिटं घोळवायचे असं म्हटलंय. पाच मिनिटांत कच्च्या कोंबडीचे धागे निघत नाहीत. निघतात ते डबाबंद चिकनचे. तेव्हा तुम्ही सगळे ज्यावर बोटं चाटत होतात ते दुकानातलं पत्र्याच्या डब्यातलं चिकन होतं, आणि ते खाण्यासाठी माझी ताजी कोंबडी फ्रीजबाहेर काढली गेली. ती कुठे गेली याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. वाया गेली नाही, एवढंच कळतं. कुत्र्याचं पोट म्हणजे वाया नव्हेच.

या बुधवारी मी येणार नाही. उद्या कोंबडीही चढवणार नाही. सोबत तुमच्या घराची किल्ली ठेवते आहे. पाहुण्यांकडे किल्ली नसते. ते घंटी वाजवतात.

खारूला सांग, ठिपका खरंच येतो.

तुझी,
सासू


गुरुवार, १३ नोव्हेंबर

ती. आईस,

सा. न.

किल्ली परत पाठवतोय. हिने तुझं पत्र दोनदा वाचलं आणि स्वयंपाकघरात दार लावून बसली. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाली. मला ‘काही नाही’ दुरुस्त करता येत नाही.

काल टाको होते. मी दोन खाल्ले. अजून जबडा दुखतोय. खारूने तुझ्या खुर्चीवर कोणाला बसू दिलं नाही, दप्तर ठेवलं होतं.

तू काल काय जेवलीस?

तुझा,
चिरंजीव


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय विहीणबाई,

नमस्कार. यावेळी विनंतीही आहे आणि विशेषही आहे.

या पाकिटात कागदाशिवाय जे आहे ते आधी बाहेर काढा. टोचणार नाही. मी ते साबणाने धुऊन वाळवलंय. लाल दोऱ्याची गाठ तुमची तुम्हाला ओळखू येईल.

हो. तुमचीच पुरचुंडी.

त्या बुधवारी फ्रीज उघडला तर मधल्या फळीवर निळा डबा. झाकण काढलं आणि तशीच उभी राहिले. इतकी सुंदर शिजलेली कोंबडी मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. हाडाला हात लावला की मांस आपणहून सुटत होतं. खारू मागून भूक भूक करत होती. मी दोन काट्यांनी त्याचे धागे केले, कांदा-टोमॅटोवर टाकले, आणि वीस मिनिटांत टाको झाले. वीस मिनिटांत होणारच, विहीणबाई. बाकीचे तास तुम्ही मंगळवारीच घालून ठेवले होते. पुरचुंडी धाग्यांत सापडली ती मी बाजूला काढून ठेवली.

तुम्ही आल्या आल्या सांगायचं असं मी ठरवलं होतं, शपथेवर सांगते. पण तेवढ्यात माझी लेक कामावरून आली, एक घास घेतला आणि म्हणाली की आई, हे तू कसं केलंस गं. तीन वेळा म्हणाली, तुम्ही बरोबर मोजलंत. विहीणबाई, माझ्या लेकीने माझ्या हातच्या जेवणाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. वसतिगृहात ती शंभर मुलींच्या पंगतीतली एक होती. तिच्यासाठी वेगळं असं मी काही केलंच नाही, पक्षपात नको म्हणून. मला तो एक घासभर मान सोडवला नाही. मी पुरचुंडी मुठीत लपवली आणि नळ सोडला.

आता हेव्याचं. तुम्ही लिहिलंत ते लेकीने मला दाखवलं नाही, पण रडून लाल झालेल्या डोळ्यांनी सांगितलं. तुम्हाला माझा हेवा वाटतो म्हणे. ऐका तर मग. या नऊ वर्षांत माझी मुलगी दर गुरुवारी सकाळी मला फोन करते. तब्येत कशी आहे, पाऊसपाणी काय, आणि मग तुमचा स्ट्यू. काल रस्सा कसा दाट होता, गाजर कसं गोड लागलं, घरात शिरताना जिन्यातच वास कसा आला, थकून आल्यावर ती पहिली वाटी पोटात गेली की कसं वाटतं. मी वसतिगृहाच्या ऑफिसात रिसीव्हर कानाला लावून ऐकायची आणि शेजारी माझ्या ताटात पातळ आमटी थंड व्हायची. तुम्हाला मी तेव्हा पाहिलं होतं ते फक्त लग्नात. तुम्ही मला आवडत नव्हतात.

मग ती तुम्हाला का सांगत नाही? मी काल विचारलं. पहिल्या बुधवारी, नवी सून असताना, तिने एक घास घेतला आणि तुमच्याकडे वळून म्हणाली की फारच छान झालंय. तुम्ही म्हणालात, म्हणे, की कौतुक करावं, पण तोंडात घास असताना बोलू नये. तिला इतकी शरम वाटली की त्यानंतर तुमच्या टेबलावर तिने तोंड उघडलं ते फक्त खाण्यासाठी.

परवाच्या बुधवारी तुम्ही नाही, डबा नाही. मी ताजं चिकन आणलं आणि घाईने शिजवलं. त्याच्या चिंध्या झाल्या. जावई गायीसारखे रवंथ करत बसले आणि छान म्हणाले. घास गिळून म्हणाले, तुमचं वळण दिसलं. खारूने चिकन पानाच्या कडेला रांगेत लावलं. लेकीने विचारलं की मागच्या वेळी कसं केलं होतंस. मी म्हटलं, विसरले.

तेव्हा माझी विनंती. आपण दोघीच जाणतो. कोंबडी तुम्ही शिजवा, टाको मी करते. मंगळवारी मीच येऊन डबा घेऊन जाईन, तुम्हाला बसमध्ये चढायला नको. लेकीला कळायचं काही कारण नाही. मला माझी तीन वेळा विचारलेली ती ओळ राहू द्या. वाचून हे पत्र फाडून टाका.

लोभ मागायचं तोंड नाही. तरी मागते.

आपली,
विहीण


शनिवार, १५ नोव्हेंबर

श्रीमती विहीणबाई यांस,

सा. न. वि. वि.

पत्र फाडलेलं नाही. फाडणारही नाही. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे.

पुरचुंडी मिळाली. गाठ माझी. मी ती हातात घेऊन बराच वेळ बसले आणि मग हसायला आलं, ते आवरेना. त्या दिवशी मी माझ्याच कोंबडीवर रुसून कोरडा ब्रेड चावत होते! एक घास घेतला असता तर डोळे मिटूनही ओळखलं असतं, पण मला अभिमान चावायचा होता. आणि डबाबंद चिकन! माझ्या हयातीत मी इतकी ठाम आणि इतकी चुकीची उलटतपासणी ऐकलेली नाही, आणि मी वकिलांच्या पुढ्यात बसून पोट भरलंय. तळमजल्यावरच्या कुत्र्याची मनातल्या मनात क्षमा मागितली आहे. त्याला लेखी देणार नाही.

तरीही तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. माझा मुलगा सहाव्या टाकोकडे हात नेत होता तो माझ्याच कोंबडीसाठी. मग हीच कोंबडी माझ्या वाडग्यात असली की त्याचा हात का पुढे येत नाही? याचा मी आज दिवसभर विचार केला. माझ्या टेबलावर मांडीवर नॅपकिन असतो आणि पाठ ताठ ठेवावी लागते. तुमच्याकडे ओघळ चाटता येतो. हे मान्य करताना मला किती त्रास होतोय ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे.

तोंडात घास असताना बोलू नये, असं मी म्हटलं असेन. म्हटलंच असणार. नियम बरोबर आहे, त्यात बदल नाही. पण घास गिळून झाल्यावर बोलायचं असतं; नऊ वर्षं थांबायचं नसतं. त्या मुलीला एवढं कोणी शिकवलं नाही का? मग आठवलं की शिकवणं माझ्याकडे होतं.

आता तुमच्या प्रस्तावाबद्दल. गुपचूप डबा पोचवायला मी काही कोंबडीचोर नाही, आणि तुम्ही एप्रनचोर आहात तेवढं पुरे. माझ्या अटी अशा. बुधवार माझा आहे आणि माझाच राहील. त्यात तुम्हाला मी तव्यापुरती जागा देते. मंगळवारी डबा न्यायला या. जिन्यावरचा दिवा गेलेला आहे, बॅटरी आणा. महिन्यातून एकदा स्ट्यू होईल, आणि तो बसून खाल्ला जाईल. बाकीचे बुधवार टाको, म्हणजे खारू वेळेवर झोपेल. टाको करताना मी तिथे उभी असेन, पाहुणी म्हणून नव्हे. कोबी मी चिरेन. तुमचा कोबी जाड असतो, हे मला धूसर डोळ्यांनीही दिसलं होतं.

पहिला टाको वाढण्याआधी ही पुरचुंडी मी ओट्यावर सगळ्यांसमोर ठेवणार आहे. खारू विचारेल की हे काय. उत्तर तुम्ही द्यायचं. तुमच्या लेकीची ती ओळ तुमच्याकडून कोणी काढून घेणार नाही. कांदा, तिखट, लिंबू आणि भुकेल्या पोरीला थांब न म्हणणं, हे तुमचंच होतं. पण कोंबडी कोणाची ते तिला कळलं पाहिजे. मी एक टाको खाईन. काटा-सुरीने खाल्ला तर कोणी हसायचं नाही. ऑपरेशनच्या वेळी सोबतीला या. घोरत नाही हे तुमचं विधान तेव्हा तपासून पाहीन.

आणि शेवटचं, ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहिते आहे. दर गुरुवारी सकाळी माझी सून फोनवर माझ्या स्ट्यूबद्दल काय काय बोलायची, ते मला लिहून हवं आहे. सारांश नको. आठवेल तसं, शब्दशः. गाजराचं, जिन्यातल्या वासाचं, त्या पहिल्या वाटीचं. मीठ जास्त झालं असं कधी म्हणाली असेल तर तेही गाळू नका. मी दुसऱ्यांची वाक्यं बिनचूक उतरवून घेण्यात जन्म घालवला. माझ्याबद्दलचं एक तरी वाक्य माझ्यासाठी कोणीतरी उतरवून द्यावं.

लोभ आहे की नाही ते तुमच्या उत्तराच्या लांबीवरून ठरवेन.

उत्तर लेखी, मंगळवार, १८ नोव्हेंबर, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे, कारण बाराला मी कोंबडी चढवते. बारानंतर आलं तर वाचेन, पण वाचलं असं कबूल करणार नाही.

आपली,
विहीण